हलतं तेवढंच दिसतं

भाविका जन्मली तेव्हा तिच्या दोन्ही बुबुळांच्या मधोमध दूध सांडल्यासारखा पांढुरका डाग होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि हिराला सांगितलं, "जन्मजात मोतीबिंदू आहे. मुंबईला न्या. लवकर न्या." हिराचं ते पहिलंच बाळंतपण. लवकर म्हणजे किती लवकर, हे तिने विचारलं नाही, आणि डॉक्टरांच्याही मागे बायकांची रांग होती.

तारापूरच्या मांगेल आळीत, मासेमारांच्या वस्तीत, तिचं घर. नवरा एकनाथ बोटीवर जायचा, आणि घरात चालायचं ते त्याच्या आईचं, हंसाबायचं. मुंबईचं नाव काढताच हंसाबायने बाळाला उचलून छातीशी धरलं. एकनाथच्या पाठचा तिचा मुलगा चौथ्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आत नेला होता. त्याला दिलेली भूल उतरलीच नाही. त्या गोष्टीला पंचवीस वर्षं होत आली, तरी इस्पितळाचा वास आला की ती पदर नाकाला लावायची.

"तान्ह्या पोरीला भूल देनार? मी जिती हाय तवर नाय. मोठी होऊ दे, अंगात जीव भरू दे. मंग बघू," ती म्हणाली.

एकनाथ आईपुढे बोलत नसे. हिरा बोलून पाहायची. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की ती विषय काढायची, आणि नारळी पौर्णिमा झाली, बोटी परत पाण्यात गेल्या की तो तिथंच राहायचा. अशी वर्षं गेली. पोरीला उजेड-अंधार कळायचा, डोळ्यांसमोरून हात नेला तर सावली कळायची. तेवढंच.

पण भाविका रडतकुढत वाढली असं नाही. ती हंसाबायच्या पदराला धरून वाढली. आजी वाळत घातलेले बोंबील काढायला निघाली की ही मागे. मांदेली कुठली, सुकट कुठली, ते बोटांनी सांगायची. आळीतल्या बायकांच्या बांगड्यांच्या आवाजावरून त्यांना हाका मारायची. दुपारी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिच्या तोंडावरून हात फिरवत झोपायची. हंसाबायच्या हनुवटीवर एक मोठा तीळ होता. तो बोटाला लागला की पोरीला झोप यायची.

भाविका दहाची झाली त्या हिवाळ्यात बोईसरला डोळ्यांचं शिबिर लागलं. आळीतली एक बाई सासूला घेऊन चालली होती, तिच्याबरोबर हिरा पोरीला घेऊन गेली. घरी सांगितलं नाही. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी भाविकाचे डोळे पाहिले, मग वय विचारलं.

"एवढी वर्षं कुठे होता तुम्ही?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून हिराला ते जास्तच लागलं.

या वेळी हंसाबाय आडवी आली नाही. तीही थकली होती. "तुमी ठरवा," एवढंच म्हणाली आणि पोरीला मुंबईला नेलं त्या दिवसापासून चुलीपाशी बसून राहिली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली. भूल उतरली, भाविकाने पाणी मागितलं. एकनाथने इस्पितळाच्या जिन्यातून आईला फोन लावला तेव्हा पलीकडून नुसता रडण्याचा आवाज आला.

पट्टी काढायच्या दिवशी हिरा नवी साडी नेसून गेली होती. गडद लाल, पोरीला दिसायला सोपी म्हणून. पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा चढवला. भाविकाने डोळे घट्ट मिटून घेतले, पुन्हा उघडले. बुबुळं जागच्या जागी थरथरत होती. हिरा समोर स्टुलावर श्वास धरून बसली होती.

"काय दिसतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लई आहे," भाविका म्हणाली. "लाल आहे. पांढरं आहे. सगळं चिकटलेलं आहे."

"आई कुठे आहे सांग बघू."

भाविकाने मान इकडेतिकडे केली. तिची नजर हिरावरून गेली, पडद्यावर गेली, सलाईनच्या दांडीवर गेली, परत हिरावरून गेली. हिराला राहवलं नाही. ती उठली, आणि उठताक्षणी भाविका ओरडली, "ते! ते लाल निघालं!"

हिराने तिला कवटाळलं. वासावरून, बांगड्यांवरून पोरीला आई कळली. पण त्याआधी तिने आईला "ते" म्हटलं होतं, आणि हिराच्या मनातून ते गेलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी हिरा-एकनाथला समोर बसवलं. "डोळा आता स्वच्छ आहे. पण बघतो तो मेंदू, आणि बघायला शिकण्याची वयं असतात," त्या म्हणाल्या. "तान्हं बाळ आधी हलत्या गोष्टीमागे नजर फिरवतं. मग आईचं तोंड ओळखतं. कुठली रेघ कुठल्या वस्तूची, कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं, हे पोरं खेळता खेळता वर्षानुवर्षं शिकत असतात. आपल्याला वाटतं ते आपोआप होतं. हिची ती वर्षं अंधारात गेली. आता हलणारं तिला लवकर कळेल, कारण जे एकत्र हलतं ते एक आहे, एवढं तिचा मेंदू जाणतो. माणसाची चालसुद्धा ओळखेल. थांबलेलं मात्र अवघड जाईल. ते शिकेल, पण सावकाश, आणि पूर्ण किती शिकेल ते मी सांगू शकत नाही."

"आणि तोंडं?" हिराने विचारलं.

"तोंडं सगळ्यात कठीण."

"तेव्हाच आणली असती तर?"

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवलं. "आता पुढचं बघू या," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर सुरुवातीला आळीभर उत्साह होता. पोरं येऊन भाविकासमोर बोटं नाचवायची, ती बरोबर धरायची. एकदा गल्लीत एक बांडी गाय उभी होती. "काळं काय काय आहे, पांढरं काय काय आहे, खूप आहेत," भाविका म्हणाली. तेवढ्यात गाय चालू लागली. भाविका आनंदाने किंचाळली, "सगळे डाग मिळून चालले! गाय! ती गाय आहे!" बायका हसल्या. हिराही हसली. मग कोपऱ्यावर जाऊन गाय पुन्हा थांबली आणि पोरीचा चेहरा उतरला. "गेली," ती म्हणाली. गाय समोरच होती.

शेजारच्या सुगंधाला त्याच सुमारास मूल झालं होतं. हिरा दुपारी तिच्याकडे निवडायला सुकट घेऊन बसायची. पाळण्यात बाळ, पाळण्याला रंगीत पोपट टांगलेले. पोपट फिरले की बाळाची नजर त्यांच्यामागे फिरायची. नंतरनंतर पोपट थांबलेले असले तरी ते त्यांच्याकडे टक लावायचं. आणि एक दिवस सुगंधा काही न बोलता दारात नुसती उभी राहिली, तर बाळाने बोळकं पसरून हसून हातपाय झाडले.

"बघा कसा वळखतो चोर," सुगंधा म्हणाली.

हिरा सूप तसंच ठेवून उठली. घरी भाविका उंबऱ्यावर बसली होती. हिरा तिच्यापुढे उभी राहिली, न बोलता, बांगड्या हाताने दाबून धरून. भाविका तिच्या आरपार रस्त्याकडे पाहत राहिली.

त्या दिवसापासून हिराने ठरवलं, पोरीला हाताची सवय आहे म्हणून डोळे आळशी झालेत. हात बंद केले तर डोळे कामाला लागतील. डॉक्टरीणबाईंनी असं काही सांगितलं नव्हतं. हे तिचं तिनेच काढलं.

"हात लावू नको. बघ आणि सांग," ती म्हणायची. ताटात काय वाढलंय, बघून सांग. पाण्याचा तांब्या कुठे आहे, बघून घे. भाविका चाचपायला लागली की हिरा तिच्या हातावर चापट मारायची. आधी हलकी, मग तितकी हलकी नाही. भाविका चालायची तेव्हा हात पुढे जायचे, तर हिराने तिला ते अंगासरशी धरायला लावले. काही दिवसांनी पोर आपणहून हात काखेत दाबून चालायला लागली. मध्येच खांबाला धडकायची, पाटावर अडखळायची, कपाळाला टेंगूळ यायचं. आजीच्या मांडीवर झोपली तरी हात छातीशी गोळा करून झोपायची.

"नको गो छळू पोरीला," हंसाबाय म्हणाली. "हाताने बघत होती, चांगली बघत होती."

हिरा चुलीपासून वळली. "हाताने का बघावं लागलं तिला? कोनामुळे?"

हंसाबाय उठून ओटीवर गेली. पण नंतर हिराच्या ध्यानात आलं, म्हातारी ओटीवर बसलेली असली आणि भाविका जवळून जाऊ लागली, की ती एक हात वर करून हलवत राहते. पोर थांबते, बघते, "आजी," म्हणते. म्हातारी हात खाली घेते. ती पाय ओढत चालू लागली की मात्र पोर तिला आपणहून ओळखते. हाक मारून चाललं असतं. पण सुनेला पोरीने बघितलेलं हवं आहे, हे तिला कळलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दुपार. भरती चढत होती आणि बोटी खाडीत शिरायला लागल्या होत्या. हिरा टोपल्या घेऊन धक्क्याच्या एका टोकाला बायकांबरोबर होती. हंसाबाय भाविकाला घेऊन वरच्या बाजूला बसलेली. पाणी चमकत होतं, आणि त्या चमचमाटात भाविकाला काय दिसत असेल कोण जाणे. एकाएकी ती उठून उभी राहिली.

"बाबा!" ती ओरडली. "आजी, बाबा! पुढं उभा हाय, दोर फिरवतो, तो बाबा!"

बोटीच्या नाळीवर, अगदी पुढच्या टोकाला, एकनाथच होता. अजून बोट इतकी लांब होती की हिरालाही डोळ्यांवर हात धरावा लागला. पोरीने त्याला हालचालीवरून, खांदा टाकून दोर फेकायच्या लकबीवरून ओळखलं होतं. एकनाथने तिला उठून उभी राहिलेली पाहिलं आणि दोन्ही हात वर करून हलवले. बघितलं हिने, हिरा मनाशी म्हणाली, लांबून बघितलं!

आणि भाविका धावली. हात काखेत दाबलेले, नजर बोटीवर. बोट हलत होती, पाणी हलत होतं, बाप हलत होता. धक्क्याची कड हलत नव्हती.

हंसाबाय कशी उठली, कशी पोचली, कोणाला सांगता आलं नाही. तिने मागून पोरीचा फ्रॉक धरला आणि सगळा जीव लावून मागे ओढला. भाविका उताणी फरशीवर पडली. म्हातारीचा तोल मात्र पुढे गेला आणि ती शेवाळलेल्या पायऱ्यांवरून एका कुशीवर खाली गेली.

खुबा मोडला होता. बोईसरच्या दवाखान्यात सांगितलं, ऑपरेशन करून सळई घालावी लागेल, नाहीतर या अंथरुणातून उठणार नाहीत.

"भूल देनार?" हंसाबायने विचारलं.

"द्यावी लागेल आजी."

"मंग नको. मला घरी न्या."

डॉक्टरांनी समजावलं. एकनाथ आईच्या पायाशी उभा राहून रडला, पण नेहमीप्रमाणेच तिच्यापुढे बोलला नाही. सगळ्यांनी हिराकडे पाहिलं. हिरा बोलली असती, हट्टाला पेटली असती, तर म्हातारीने कदाचित ऐकलं असतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सुनेच्या तोंडाकडे बघत होती. हिरा म्हणाली, "आईंना नको असंल तर नको." तसं का म्हणाली, हे तिने स्वतःला त्या वेळी विचारलं नाही. पुढे विचारलं तेव्हा उत्तर आवडलं नाही.

हंसाबायची खाट ओटीवर खिडकीपाशी टाकली. अंगावर जुन्या लुगड्यांची गोधडी. हिरा तिचं सगळं करायची. पुसायची, कूस बदलायची, पेज भरवायची. दोघी फार बोलत नसत. भाविकावरची हाताची बंदी हिराने धक्क्यावरून आल्या दिवशीच उठवली होती. तिने पोरीला जवळ घेऊन सांगितलं, "आता लाव हात. कशालाही लाव. मी काय नाय बोलनार." पण पोरीचे हात काखेतून निघेनात. कशाच्या जवळ गेली तरी आधी विचारायची, "हात लावू?" कोणी हो म्हटल्याशिवाय बोट पुढे करायची नाही. जेवतानासुद्धा.

खाटेशी येऊन ती उभी राहायची. "आजी कुठाय?"

गोधडीखालून हंसाबायचा हात निघायचा, हलायचा. "हितं."

"आता दिसली. हात लावू?"

"लाव गो बाय. ये."

दिवस जात गेले तसा तो हात जड होत गेला. मग नुसती बोटं हलायची. शेवटी शेवटी तेही नाही. पण भाविकाने एक शोधलं होतं. ती खाटेजवळ बसून राहायची आणि गोधडीकडे बघायची. गोधडीवर लाल-हिरवे चौकोन होते. आजीच्या श्वासाबरोबर ते वर-खाली व्हायचे, आणि तेवढ्या चौकोनांची आजी व्हायची. "आजी दिसतेय," ती आत आईला ओरडून सांगायची. "अजून दिसतेय."

हंसाबायने एकदा हिराचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता. "माझा पोर गेला ना, म्हनून," ती म्हणाली. "दुसरं काय नव्हतं मनात."

"मला म्हाईत हाय," हिरा म्हणाली. ते खरं होतं. तरी तिने हात सोडवून घेतला, पेजेची वाटी उचलली आणि आत गेली.

ज्या सकाळी हंसाबाय गेली त्या सकाळी हिरा मच्छी घेऊन बोईसरच्या बाजाराला गेली होती. एकनाथ समुद्रावर होता. सुगंधा अधूनमधून डोकावणार होती. ती बाळाला काखेत घेऊन निघाली तर भाविकाच समोरून आली, हात काखेत, चेहरा फुललेला.

"सुगंधाकाकी, आजी बरी झाली! उठून गेली कुठंतरी. खाट रिकामी हाय."

सुगंधाला आधी काही कळेना. ती धावत ओटीवर गेली. खाटेवर हंसाबाय होती तशीच होती. डोळे अर्धे उघडे, तोंड जरासं वासलेलं. गोधडी हलत नव्हती.

भाविका तिच्या मागोमाग आत आली. "कुठं गेली असंल? धक्क्यावर?" ती विचारत होती. सुगंधाने तोंडात पदर कोंबला. तिच्या काखेतलं बाळ खाटेवरच्या म्हातारीकडे टक लावून बघत होतं.

हिरा आली तोवर आळी जमली होती. कोणी भाविकाला सांगितलं नव्हतं, आणि रडण्याचे आवाज ऐकून ती भिंतीला पाठ लावून बसली होती. हिराने तिला खाटेपाशी आणलं. "आजी हितंच हाय," ती म्हणाली. "हात लाव."

भाविकाने हात बाहेर काढला. बोटं कपाळाला लागली, गालावर आली, हनुवटीवरच्या तिळाशी थांबली. मग तिने झटक्यात हात मागे घेतला. "थंड हाय," ती म्हणाली आणि कितीतरी वेळ तेच म्हणत राहिली.

बाराव्याच्या आधी एकनाथने बोईसरहून हंसाबायचा फोटो मोठा करून आणला. हार घालून भिंतीला लावला. येणारे-जाणारे हात जोडायचे. भाविका पुढे जाऊन उभी राहायची, भिंगं पुसायची, पुन्हा बघायची.

"हे काय हाय?"

"आजी."

"कुठं?"

हिराने फोटो खाली काढला, तिच्यासमोर धरला, डावी-उजवीकडे हलवून पाहिला. "चौकट हलते," भाविका म्हणाली. हिराने फोटो परत खिळ्याला अडकवला.

बारावा झाला, पाहुणे गेले. दुपारी सुगंधा मोबाईल घेऊन आली. दोन वर्षांपूर्वी तिच्या नणंदेच्या हळदीला कोणीतरी शूटिंग केलं होतं आणि त्यात हंसाबाय सापडली होती. बायका नाचत होत्या, आणि मधून हंसाबाय पाण्याची कळशी कमरेवर घेऊन, एका बाजूला झुकून, गर्दीतून वाट काढत जात होती. कोणीतरी तिला ओढलं, ती "नको, नको" म्हणत दोन पावलं नाचली आणि हसत निघून गेली.

हिराने आवाज बंद केला. हळदीतली गाणी आज नको होती, आणि पोर आवाजावरून ओळखेल असंही तिला वाटलं. ती भाविकाजवळ बसली, मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. बोलली काहीच नाही.

भाविका बघत राहिली. बायका नाचत होत्या, त्यात तिची नजर हरवली होती. मग कळशी आली. भाविकाचे हात काखेतून निघाले.

"आजी!" ती म्हणाली. "आये, आजी चालली! बघ कशी चालते, पाय ओढत! नाचली! आये, आजी नाचली!"

तिने आजीला पहिल्यांदाच नाचताना बघितलं होतं, सगळीच्या सगळी. एकनाथ केव्हातरी येऊन मागे दारात उभा राहिला होता. स्क्रीनवर त्याची आई हसली, वळली, चौकटीबाहेर जायच्या बेताला आली आणि शूटिंग संपलं. शेवटचं चित्र तसंच गोठून राहिलं. कडेला हंसाबायचं अर्धं तोंड आणि कळशी.

भाविका वाट बघत राहिली. मग म्हणाली, "गेली."

"परत लावू?" हिराने विचारलं.

"लाव."

तिने परत लावलं. मग परत. हंसाबाय येत होती, नाचत होती, जात होती. सुगंधा बाळ रडायला लागलं म्हणून मोबाईल तिथंच ठेवून घरी गेली. एकनाथ दारात खिळल्यासारखा उभा होता, चौकटीला धरून, पापणीही न हलवता.

मध्येच भाविकाने मागे वळून दाराकडे पाहिलं. तिथे नुसता उजेड आणि काळोख एकमेकांना चिकटलेले होते.

"बाबा आला होता ना? चालताना आवाज आला," ती म्हणाली. "गेला काय?"

"नाय गो," हिरा म्हणाली. "हितंच हाय."

एकनाथला बोलायचं होतं. एक पाऊल पुढे टाकलं असतं तरी पुरलं असतं. त्याच्याने ते टाकवलं नाही, आणि भाविका काही वेळ दाराकडे बघून पुन्हा मोबाईलकडे वळली.